परीक्षा संपल्यावर पृथ्वी मोजू या

वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर होतो आणि निकाल लागायला अवकाश असतो, ते आठ-दहा दिवस माध्यमिक शाळेत विचित्र असतात. शिक्षक उत्तरपत्रिका आणि प्रगतिपत्रकांत बुडालेले असतात. मुले शाळेत आली तर काय करायचे हा प्रश्न असतो आणि नाही आली तर तो आपोआप सुटतो. नववीच्या मुलांच्या दृष्टीने तर हे अखेरचे मोकळे दिवस. त्यानंतर ‘दहावीचे वर्ष’ सुरू होते आणि प्रत्येक गोष्ट गुणांच्या तराजूत पडते. म्हणूनच ज्याला गुण नाहीत, ज्याचे उत्तर मार्गदर्शकात छापलेले नाही, असे एखादे काम मनापासून करायला वर्षभरात याहून चांगली वेळ सापडत नाही.

दुसरीकडे सहल. विदर्भात ती बहुधा डिसेंबर-जानेवारीत निघते. रामटेक, खिंडसी, एखादी बाग किंवा वॉटर पार्क; जाताना अंताक्षरी, तिथे डबा, येताना झोप. यात गैर काहीच नाही. पण हिवाळ्यातली सहल आणि एप्रिलमधले ते रिकामे दिवस एकाच प्रश्नाने जोडता आले, तर दोन्हींना अर्थ येतो. नागपूरच्या शाळांना असा एक प्रश्न जणू भूगोलानेच देऊ केला आहे : पृथ्वी केवढी आहे, आणि ते आपल्याला कळले कसे?

एकाच रेखावृत्तावरची दोन गावे

नकाशासंग्रह उघडून नागपूर शोधावे. अक्षांश सुमारे २१.१५ उत्तर, रेखांश सुमारे ७९.१ पूर्व. आता बोट सरळ दक्षिणेकडे न्यावे. तामिळनाडूत कावेरीच्या सुपीक मुलखात, १०.८ अंश उत्तर अक्षांशावर, जे गाव बोटाखाली येते ते तंजावूर. त्याचाही रेखांश ७९.१ च्या जवळच. पूर्व-पश्चिम पाहिले तर दोन गावांतला फरक अवघा पाच-सहा कि.मी.चा आहे.

मराठी वाचकाला या जोडीत आणखी एक गंमत दिसेल. नागपूर भोसल्यांचे आणि तंजावूरही भोसल्यांचेच; घराण्याच्या शाखा मात्र वेगळ्या. तंजावूरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख आजही पाहायला मिळतो.

आमच्या कामाचा भाग असा, की ही दोन गावे एकाच रेखावृत्तावर असल्यामुळे दोन्हीकडे माध्यान्ह एकाच क्षणी होतो. सूर्य दोन्ही गावांच्या उत्तर-दक्षिण रेषेवर एकदमच येतो. आणि १८ एप्रिलच्या सुमारास (एखादा दिवस मागेपुढे) तंजावूरला सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो. त्या क्षणी तिथल्या सरळ उभ्या काठीला सावली नसते. त्याच क्षणी नागपूरच्या काठीला मात्र सावली असते. दोन गावांतला हा फरक पृथ्वीच्या गोलाईमुळे पडतो, आणि त्यावरून पृथ्वीचा घेर काढता येतो.

नागपूरलाही बिनसावलीचा दिवस असतो. तो २६ मेच्या आसपास येतो, म्हणजे भर सुटीत. दुसरा येतो १७ जुलैच्या सुमारास, तेव्हा आभाळ भरलेले असते. एप्रिलचा तंजावूरचा दिवस मात्र नेमका आपल्या रिकाम्या दिवसांत पडतो.

एराटोस्थेनिसची युक्ती

ही युक्ती बावीसशे वर्षांहून जुनी आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथे एराटोस्थेनिस हा ग्रंथपाल होता. दक्षिणेकडच्या साईन गावी, म्हणजे आजच्या आस्वान येथे, वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी सूर्य डोक्यावर येतो हे त्याला ठाऊक होते. त्याच वेळी अलेक्झांड्रियात सूर्यकिरण लंबरेषेशी ७.२ अंशांचा कोन करीत. ७.२ अंश म्हणजे पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग. तेव्हा दोन गावांतले अंतर पन्नास पट केले की पृथ्वीचा घेर मिळाला.

यामागची भूमिती आपली मुले वर्गात शिकलेलीच असतात. सूर्य इतका दूर आहे, की त्याचे किरण दोन्ही गावांत समांतर येतात असे मानू. तंजावूरची काठी खाली वाढवत नेली तर ती पृथ्वीच्या केंद्रात पोहोचते, नागपूरचीही तिथेच पोहोचते. नागपूरच्या काठीची वाढवलेली रेषा ही दोन समांतर रेषांची छेदिका झाली. मग नागपूरच्या काठीच्या टोकाशी किरण जो कोन करतो, तोच कोन पृथ्वीच्या केंद्राशी या दोन गावांमध्ये होतो, कारण ते व्युत्क्रम कोन आहेत. फळ्यावर ही आकृती काढताना ‘हे प्रमेय कशाला उपयोगी?’ हा मुलांचा नेहमीचा प्रश्न त्यांचाच त्यांना सुटतो.

आपली जोडी एराटोस्थेनिसच्या जोडीपेक्षा एका बाबतीत सरस आहे. आस्वान आणि अलेक्झांड्रिया एका रेखावृत्तावर नाहीत, त्यांच्या रेखांशांत सुमारे तीन अंशांचा फरक आहे. नागपूर आणि तंजावूर जवळजवळ तंतोतंत आहेत.

प्रत्यक्ष मापन

साहित्य साधे आहे : एक मीटर उंचीची सरळ काठी, गवंड्याचा ओळंबा, सपाट पाट किंवा फरशी, कोरा कागद, मोजपट्टी आणि रेडिओवरून वा फोनवरून बरोबर लावलेले घड्याळ. दहा गटांनी दहा काठ्या घ्याव्यात. एकच काठी आणि भोवती पन्नास मुले असे करू नये, कारण मग मोजणारा एक आणि बघणारे बाकीचे होतात.

१८ एप्रिलला नागपूरचा माध्यान्ह घड्याळात १२ वाजून १३ मिनिटांच्या सुमारास येतो. घड्याळातले बारा आणि सूर्याचे बारा एक का नाहीत, हाही चांगला प्रश्न आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. नागपूर तिच्या पश्चिमेला सुमारे ३.४ अंशांवर आहे आणि एक अंश फिरायला पृथ्वीला चार मिनिटे लागतात, म्हणून साडेतेरा मिनिटांचा उशीर. ऋतुमानानुसार येणारी सूर्याची स्वतःची घट-वाढ या दिवसांत मिनिटाच्या आतच असते.

बारा वाजता सुरुवात करून दर तीन मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करावी आणि साडेबाराला थांबावे. सर्वांत आखूड सावली ती माध्यान्हीची. ती अठरा सेंटिमीटरांच्या जवळपास भरेल.

तीन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे.

पहिली, काठीचा ओळंबा. एक मीटरच्या काठीचे टोक उत्तर-दक्षिण दिशेत एक सेंटिमीटर कलले, तर सावलीही एक सेंटिमीटरने चुकते. म्हणून ओळंबा दोन बाजूंनी पाहावा.

दुसरी, सावलीची अस्पष्ट कड. सूर्य हा बिंदू नाही, आकाशात त्याची तबकडी सुमारे अर्ध्या अंशाची आहे. त्यामुळे मीटरभर उंचीवरच्या टोकाची सावली ठळक नसते. तिच्याभोवती नऊ मिलिमीटरांची फिकट पट्टी असते. उपाय सोपा आहे. काठीच्या टोकाला बारीक छिद्र पाडलेला जाड कागद आडवा लावावा. पाटावर छोटा गोल ठिपका पडेल, तो सूर्याची प्रतिमाच असतो. त्याचा मध्य धरून मोजावे. छिद्राची उंची बरोबर एक मीटर आहे ना, हे आधी पाहून घ्यावे.

तिसरी, वेळ. नागपुरात पाच मिनिटे इकडेतिकडे झाली तरी सावलीत मिलिमीटर-दीड मिलिमीटरचाच फरक पडतो. तंजावूरच्या मुलांना मात्र फार जागरूक राहावे लागेल. तिथे माध्यान्हापूर्वी दहा मिनिटे सावली पश्चिमेला चार सेंटिमीटरांहून लांब असते, मग झपाट्याने आक्रसते आणि नंतर पूर्वेला वाढू लागते. ती नाहीशी झालेली क्षणभरच दिसते.

हिशेब

समजा, दहा गटांची सरासरी सावली १८.२ सें.मी. आली. सावली भागिले उंची ०.१८२. नववीच्या मुलांना त्रिकोणमितीची तोंडओळख असते, टॅन ०.१८२ असलेला कोन सुमारे १०.३ अंश. आठवीच्या मुलांनी हाच त्रिकोण मोठ्या कागदावर प्रमाणात काढून कोनमापकाने कोन मोजावा.

आता दोन गावांतले अंतर. नकाशासंग्रहातील प्रमाण वापरून मोजपट्टीने ते काढले तर सुमारे ११५० कि.मी. येते. रेल्वेच्या वेळापत्रकातील अंतर घेऊ नये, कारण रूळ वळणे घेत जातात. अक्षांशांच्या फरकाला १११ ने गुणूनही घेऊ नये. मुलांपैकी कोणीतरी हे हमखास सुचवील. एका अंशाचे १११ कि.मी. हा आकडा पृथ्वीच्या घेरावरूनच काढलेला आहे, मग उत्तर वापरून उत्तर काढल्यासारखे होईल.

घेर = ११५० × ३६० ÷ १०.३ = सुमारे ४०,२०० कि.मी.

ध्रुवांवरून जाणारा पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००८ कि.मी. मानला जातो. पण आकडा जुळला म्हणून टाळ्या वाजवून थांबू नये. सावली अर्धा सेंटिमीटर चुकली असती तर? १८.७ सें.मी. धरल्यास घेर ३९,१०० कि.मी. येतो आणि १७.७ धरल्यास ४१,२००. म्हणजे अर्ध्या सेंटिमीटरची चूक हजारभर किलोमीटरांची होते. तेव्हा ‘आमच्या मापनानुसार घेर ४०,२०० कि.मी., हजारभर कि.मी. अधिक-उणे’ असेच उत्तर फळ्यावर लिहावे. आपल्या उत्तरावर किती विश्वास ठेवायचा हे सांगता येणे, हा त्या उत्तराचाच भाग आहे. ज्या गटाची सावली भलतीच आली त्याने ती खोडू नये, कारण शोधावे. बहुतेक वेळा ते ओळंब्यात सापडते.

१८ तारखेला ढग आले तर? आठवड्यातला कोणताही दिवस चालतो, फक्त दोन्ही गावांनी एकाच दिवशी मोजायला हवे. १८ च्या आधी तंजावूरची सावली उत्तरेकडे पडते, म्हणून दोन गावांच्या कोनांची वजाबाकी करायची. १८ नंतर सूर्य तंजावूरच्या उत्तरेला जातो आणि सावली दक्षिणेकडे पडते, म्हणून बेरीज करायची. २२ एप्रिलला नागपूरचा कोन सुमारे ८.९ अंश आणि तंजावूरचा १.४ अंश येईल; बेरीज तीच, १०.३.

यातून पृथ्वी गोल आहे हे सिद्ध होते का?

हा प्रश्न आता टाळता येणार नाही. पृथ्वी सपाट असल्याचे ‘पुरावे’ मुलांच्या हातातील मोबाइलवर रोज येतात आणि ‘पुस्तकात लिहिले आहे’ हे त्याला उत्तर होऊ शकत नाही. प्रामाणिक उत्तर असे की, केवळ या दोन सावल्यांनी पृथ्वीची गोलाई सिद्ध होत नाही. जमीन सपाट मानली आणि सूर्य जवळ मानला, तरी तंजावूरला सावली नाही आणि नागपूरला आहे असे घडू शकते. तसे असेल तर सूर्याची उंची ११५० ÷ ०.१८२, म्हणजे सुमारे ६३०० कि.मी. भरेल. (हा आकडा पृथ्वीच्या त्रिज्येच्या जवळ येतो हा योगायोग नव्हे, लहान कोनांसाठी दोन्ही गणिते जवळजवळ एकच होतात.)

मग दोन पर्यायांत निवड कशी करायची? सूर्य जर खरोखर ६३०० कि.मी.वर असेल, तर सकाळी क्षितिजाजवळ असताना तो आपल्यापासून कितीतरी दूर असला पाहिजे आणि म्हणून लहान दिसला पाहिजे. नागपुरात १८ एप्रिलला सकाळी सातला सूर्य क्षितिजावर साधारण १५ अंश असतो आणि दहाला ५६ अंशांवर. सपाट जमिनीच्या हिशेबाने दहाचा सूर्य सातच्या सूर्याच्या तिप्पटीहून मोठा दिसायला हवा. समांतर किरणांच्या, म्हणजे फार दूरच्या सूर्याच्या हिशेबाने दोन्ही वेळा सारखाच.

हे वर्गात तपासता येते. लहान आरशावर कागद चिकटवून मध्ये अर्ध्या सेंटिमीटरचे छिद्र ठेवावे. आरसा उन्हात ठेवून कवडसा अंधाऱ्या वर्गात पाडावा. आरशापासून दहा मीटरवर, कवडशाला काटकोनात धरलेल्या पुठ्ठ्यावर, सूर्याची नऊ-दहा सें.मी.ची गोल प्रतिमा मिळेल. सातला तिचा व्यास मोजावा, तेवढेच अंतर ठेवून दहाला पुन्हा मोजावा. सूर्याकडे किंवा आरशातील सूर्याकडे कोणीही थेट पाहायचे नाही, हे बजावून सांगावे.

व्यास सारखाच येतो. म्हणजे सूर्य फार दूर आहे, किरण समांतर आहेत आणि म्हणून सावल्यांतला फरक जमिनीच्या वाकण्यामुळेच आहे. दोन प्रयोग मिळून एक निष्कर्ष होतो. ‘काय दिसले तर माझे म्हणणे चूक ठरेल?’ असे आधी विचारून मग मोजणे, ही सवय मुलांना लागली तर मोबाइलवरच्या पुढच्या दहा दाव्यांना ती स्वतःच सामोरी जातील.

हिवाळ्याची सहल : हिंगणघाट

आता सहलीकडे वळू. भारतात पृथ्वीचे माप घेण्याचे काम विल्यम लॅम्ब्टन या लष्करी अधिकाऱ्याने १० एप्रिल १८०२ रोजी मद्रास येथे सुरू केले. पोलादी साखळीने सुमारे साडेसात मैलांची एक पायारेषा काटेकोर मोजायची, आणि मग तिच्यावर थिओडोलाइटने कोन मोजत त्रिकोणामागून त्रिकोण रचायचे, अशी ही पद्धत. एक बाजू आणि दोन कोन माहीत असले की उरलेल्या बाजू निघतात, हे आपण वर्गात शिकवतोच. कन्याकुमारीपासून उत्तरेकडे ७८ अंश रेखांशाच्या आसपास चढत गेलेली त्रिकोणांची ही साखळी पुढे जॉर्ज एव्हरेस्टने हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. तिची लांबी सुमारे २४०० कि.मी. भरते. आपण नकाशावर मोजपट्टी ठेवून ११५० कि.मी. काढतो, त्यामागे हे काम उभे आहे.

१८०८ साली तंजावूरच्या मंदिराच्या शिखरावर थिओडोलाइट चढवताना दोर तुटला आणि अर्ध्या टनाचे ते यंत्र भिंतीवर आदळले. त्याची वर्तुळाकार कोनपट्टी वाकली. लॅम्ब्टनने स्वतः सहा आठवडे खपून ती पुन्हा गोल केली आणि काम चालू ठेवले. हैदराबादहून नागपूरकडे येताना २० जानेवारी १८२३ रोजी तो हिंगणघाट येथे वारला. त्याची कबर तिथेच आहे.

नागपूरपासून हिंगणघाट सुमारे ७५ कि.मी. म्हणजे सकाळी निघून संध्याकाळी परतण्याजोगी सहल, आणि तीही जानेवारीत. शालेय सहलीसाठी एस.टी.च्या भाड्यात निम्मी सवलत मिळते; शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी आणि पालकांची संमतिपत्रे आधी घ्यावीत. कबरीपाशी पाच मिनिटे उभे राहून परत फिरायचे नाही. जवळच्या मोकळ्या मैदानात मुलांनी स्वतः पायारेषा आखावी : दोरीने ३० मीटर मोजून दोन टोकांपासून दूरच्या झाडाचे कोन पुठ्ठ्याच्या कोनमापकाने घ्यावेत, आकृती प्रमाणात काढून झाडाचे अंतर सांगावे आणि मग ते दोरीने पडताळावे.

शहरातली सकाळ : झीरो माइल

एप्रिलमध्ये लांब जाणे बरे नाही. पण सकाळी सातच्या आत नागपुरातील झीरो माइलपाशी जाऊन यावे. १९०७ साली उभारलेला हा वालुकाश्माचा स्तंभ त्रिकोणमितीय सर्वेक्षणाशी निगडित आहे. ‘हा भारताचा मध्यबिंदू’ असे आपण सर्रास सांगतो. मुलांना स्तंभ नीट वाचायला लावावे. त्यावर हैदराबाद, जबलपूर, छिंदवाडा अशा गावांची मैलांतली अंतरे आहेत आणि समुद्रसपाटीपासूनची उंची दिली आहे : १०२०.१७१ फूट. हे उंची मोजण्याचे प्रमाणस्थान आहे; देशाचा मध्य काढायचा तर हद्द कोणती धरली हे आधी सांगावे लागते, आणि ती १९४७ साली बदलली.

दोन प्रश्न तिथेच घालावेत. फुटाचा हजारावा भाग म्हणजे किती? सुमारे ०.३ मिलिमीटर. समुद्रापासून शेकडो मैल दूर इतक्या बारकाईने उंची लिहिण्यात काय अर्थ? आणि दुसरा : स्तंभावर हैदराबाद ३१८ मैल, म्हणजे ५१२ कि.मी. आहे, नकाशावर मोजले तर सव्वाचारशेच्या आसपास येते. बाकीचे किलोमीटर कुठे गेले?

तयारी आणि काळजी

तंजावूरच्या एखाद्या शाळेशी संपर्क डिसेंबरातच साधावा, म्हणजे त्यांच्या परीक्षांचे वेळापत्रक कळेल. मुलांनी पत्र इंग्रजीत लिहावे, आकृती सोबत जोडावी. आकृतीला भाषेची अडचण नसते. तंजावुरात मराठी बोलणारी कुटुंबे आजही आहेत, त्यांच्यामार्फत ओळख निघाली तर उत्तमच. मार्चमध्ये दोन्ही शाळांनी एक रंगीत तालीम करावी. ओळंबा, छिद्राची उंची, घड्याळ या चुका तिथेच निघून जातात.

एप्रिलमध्ये नागपूरचा पारा चाळिशी ओलांडतो. काठ्या सावलीच्या कडेला लावाव्यात, एका वेळी गटातील दोघांनीच उन्हात जावे आणि पाच मिनिटांनी पाळी बदलावी. टोपी किंवा दुपट्टा, पिण्याचे पाणी आणि मीठ-साखरेचे सरबत तयार ठेवावे. उन्हाच्या लाटेचा इशारा असेल तर दिवस पुढे ढकलावा. वर सांगितल्याप्रमाणे आठवडाभराची मुभा आहेच.

शेवटी सर्व गटांच्या नोंदी, चुकलेल्याही, एका मोठ्या कागदावर उतरवून प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावाव्यात आणि त्याची एक प्रत तंजावूरला पाठवावी. पुढच्या वर्षीची नववी तिथून सुरुवात करील आणि आधीच्या वर्गापेक्षा अधिक-उणेचा आकडा लहान करता येतो का ते पाहील. नागपूरबाहेरच्या शिक्षकांनी नकाशासंग्रहात आपले रेखावृत्त धरून दक्षिणेकडे यावे आणि आपला जोडीदार शोधावा. आपल्या वर्गाचे आकडे आम्हाला जरूर कळवा.